मोठी मोटर, तेवढाच वेग

लहान मच्छीमार होडी किती वेगाने जाईल, हे मोटरीच्या अश्वशक्तीपेक्षा होडीची लांबी अधिक ठरवते. होडी पाणी कापत जाताना लाटा उठवते आणि वेग वाढेल तशा त्या लाटा लांब होत जातात. एका ठरावीक वेगाला लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीइतकी होते. मग एक उंचवटा नाळेखाली, दुसरा पिछाडीखाली आणि होडी मधल्या खळग्यात, अशी स्थिती होते. त्यापुढे लावलेली शक्ती वेग वाढवण्याऐवजी लाट मोठी करण्यात जाते. ताशी किलोमीटरमध्ये ही मर्यादा काढायची, तर मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ घेऊन त्याला साडेचारने गुणावे. ४ मीटरच्या होडीला ती ९ येते, ६ मीटरच्या होडीला ११. हलकी, सपाट तळाची होडी पुरेशी शक्ती मिळाल्यास पाण्यावर चढून सरकू लागते आणि ही मर्यादा ओलांडते. जाळी, बर्फ आणि मासळीने भरलेल्या होडीला ते सहसा जमत नाही.

हे गणित विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याच्या प्रयोगांतून उभे राहिले. टोकदार जहाज नेहमीच सरस, अशी त्या काळची समजूत होती. फ्रूडने १८६७ साली दोन आकारांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. एक बोथट टोकांची, तिचे नाव ‘स्वान’ म्हणजे हंस, आणि दुसरी टोकदार, ती ‘रेव्हन’ म्हणजे डोमकावळा. प्रत्येक आकार तीन मापांत घडवला होता: ३, ६ आणि १२ फूट. निकाल असा लागला की एका वेगाला एक सरस ठरे, तर दुसऱ्या वेगाला दुसरी. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे लहान-मोठ्या प्रतिकृतींच्या लाटा लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणातल्या वेगांना अगदी सारख्या दिसत. पुढे ब्रिटिश नौदलाने पैसा दिला आणि १८७२ मध्ये टॉर्की येथे फ्रूडच्या घराजवळ सुमारे ८५ मीटर लांबीच्या टाकीत प्रयोग सुरू झाले.

मोटर बसवणाऱ्याला बापाइतकाच त्याचा मुलगाही उपयोगी आहे. १८७९ मध्ये विल्यमच्या मृत्यूनंतर रॉबर्ट एडमंड फ्रूडने टाकीचे काम सांभाळले आणि होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) सिद्धान्तात महत्त्वाची भर घातली. या सिद्धान्ताची सुरुवात अभियंता रँकिनने १८६५ मध्ये केली होती, तर रॉबर्टचे लेखन १८८९ चे. त्यात पंखा म्हणजे पाण्याला मागे ढकलणारी एक पातळ चकती मानली आहे. थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलणे फायद्याचे, हे त्याचे सार. होडीच्या तुलनेत पाणी तिच्या वेगाच्या दुप्पट वेगाने मागे फेकले जात असेल, तर पंख्याला दिलेली एक तृतीयांश शक्ती केवळ पाणी खवळण्यात जाते. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांचे गणितही याच चकतीपासून सुरू होते.

म्हणून मोठी मोटर घेण्याऐवजी आहे तीच सुधारायची, तर सुधारणेचा पहिला भाग पंखा. पंख्यावर दोन आकडे असतात: व्यास आणि पिच. पिच म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जितका पुढे जाईल ते अंतर. मिनिटाला ५००० फेरे घेणारे इंजिन, २.०८ चे गियर आणि ९ इंच पिच धरली, तर पंख्याचा हिशेबी वेग ताशी ३३ किलोमीटर येतो. ६ मीटरची होडी मात्र ११ च्या आसपास अडते. अशा वेळी पंखा पाणी घुसळत राहतो, इंजिन दाबले जाते आणि पूर्ण थ्रॉटलवरही ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. पिच कमी आणि व्यास मोठा असलेला पंखा इथे योग्य. पिच एक इंचाने बदलली की इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने बदलतात. नेहमीचा भार घेऊन पूर्ण थ्रॉटलवर फेरे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत यावेत, हीच पंखा निवडण्याची कसोटी.

दुसरा भाग उंची. मोटरी पिछाडीच्या साधारण १५ आणि २० इंच उंचीच्या फळीसाठी बनतात. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. मोटर फार वर राहिली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि जोर जातो. फार खाली गेली तर मोटरीच्या बुडालेल्या भागाला होणारा पाण्याचा अडथळा वाढतो.

तिसरा भाग कोन आणि भार. पंख्याचा दांडा चालत्या होडीत पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहावा. नाळ वर उचलली जात असेल तर मोटरीचा कोन ठरवणारी पिन एक भोक आत घ्यावी, नाळ पाण्यात रुतत असेल तर एक भोक बाहेर. मात्र पिन हलवण्याआधी वजन हलवून पाहावे. चालवणारा, पेट्रोलची टाकी आणि जाळी ही सगळी मागेच असतील, तर पिछाडी बसते आणि कोणतीही पिन ते पूर्ण सावरत नाही.

चौथा भाग जागेचा. उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर असलेल्या येलदरी जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६२ मीटर आहे. मे महिन्यात ४२ अंशांच्या दुपारी इथली हवा किनाऱ्यावरच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते आणि इंजिनाची ताकदही साधारण तितकीच घटते. किनाऱ्यावर नीट चालणारा पंखा त्यामुळे इथे जड वाटू शकतो. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असल्याने तीच होडी इथे किंचित खोल बसते. एकूण ९३४ दशलक्ष घनमीटर साठ्यापैकी १२४ दशलक्ष घनमीटर मृतसाठा आहे. उन्हाळ्यात पाणी त्याच्याकडे उतरू लागले की बुडालेले खडक आणि खुंट पंख्याच्या वाटेत येतात. उथळ पाण्यात मोटर वर उचलता येईल अशी सैल ठेवावी आणि पंखा आदळल्यास स्वतः तुटून गियर वाचवणारी शिअर पिन जादा बाळगावी. पावसाळी गढूळ पाणी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचे रबरी पाते झिजवते, म्हणून मोटरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर लक्ष ठेवावे. पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागा ऑइल सील कापतो. गियरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे.

बदल एका वेळी एकच करावा. फोनवरच्या जीपीएसने वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध असा दोन्हीकडचा वेग मोजून सरासरी घ्यावी, भार तोच ठेवावा आणि प्रत्येक फेरीचे आकडे लिहून ठेवावेत.

सर्वात स्वस्त सुधारणेला पानाही लागत नाही. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते आणि लाटेच्या मर्यादेजवळ त्याहूनही झपाट्याने. वेग पाचव्या हिश्श्याने कमी केला, तर शक्ती जवळपास निम्मी लागते. वेळ सव्वापट गेला, तरी किलोमीटरमागे पेट्रोल ढोबळ हिशेबाने एक तृतीयांशाहून अधिक वाचते. अश्वशक्ती दुप्पट करून यातले काहीच मिळत नाही.