जिवाणूंची पकड

धुळ्यात पांझरा नदीच्या उत्तर तीरावरील देवपुरात, जेथे नळाचे पाणी साठवून ठेवण्याची तजवीज घरोघरी करावी लागते, तेथे पिंपाच्या आतल्या अंगाला बोट लावताच जाणवणारा बुळबुळीत थर गृहिणींना नवा नाही. स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात जिवाणूंनी उभारलेली ती वसाहत असून शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. पाण्यात औषध टाकल्याने तरंगते जंतू मरतात, थरातले पुष्कळसे बचावतात, म्हणून पिंप घासण्यावाचून गत्यंतर नाही. दातांवरील किटणातही असेच घडते, हे डच सूक्ष्मदर्शककार लेव्हेनहूकने सतराव्या शतकातच व्हिनेगर वापरून पाहिले होते.

या वसाहतीचा पाया घालतात ते जिवाणूच्या अंगावरचे, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू. आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणारा ई. कोलाय मूत्रमार्गात शिरला, की त्याच्या तंतूंच्या अग्रावरील फिमएच हे प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करेला धरते. आणि खरे नवल हे, की मूत्राचा प्रवाह ओढू लागला म्हणजे ही पकड सैल न होता, काही मर्यादेपर्यंत, अधिकच आवळते! जी धार जंतूंना वाहून नेण्यासाठी निसर्गाने योजली, तिच्याच जोराचा ते असा उपयोग करून घेतात.

मूत्र बाहेर काढण्यासाठी रुग्णाला बसविलेल्या कॅथेटरवर तर त्यांना आयती जागा लाभते, आणि नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. गरज संपताच ती काढण्याचा डॉक्टरांचा आग्रह त्यामुळेच असतो. जंतूला न मारता फिमएचची पकडच निकामी करणारी, मॅनोजसदृश द्रव्ये संशोधक आता पारखीत आहेत.