नंबर लावण्यापूर्वी

आमच्या देऊळघाटहून बुलडाणा दहा-बारा किलोमीटर. पूर्वी घरात कुणी फार आजारी झालं की एक जण पहाटेच सायकल काढायचा आणि शहरातल्या नामांकित डॉक्टरांच्या दारासमोर जाऊन थांबायचा. दवाखाना उघडायला दोन-तीन तास अवकाश असायचा. रांगेत माणसं नसायची, चपला असायच्या. आपली चप्पल शेवटच्या चपलेमागे ठेवायची आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं. कंपाउंडर आला की चपलांच्या क्रमानं वहीत नावं लिहून घ्यायचा. याला आमच्याकडे ‘नंबर लावणं’ म्हणतात. आता नंबर फोनवर लागतो, मोबाइलवरच्या ॲपवरूनही लागतो. चपलांची रांग गेली. पण एक प्रश्न तेव्हाही कुणी विचारत नव्हतं आणि आजही फारसं कुणी विचारत नाही. नंबर लावायचा खरा, पण कुणाकडे?

हा प्रश्न मी फार महागात शिकलो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाला, आमच्या भाईजानना, पावसाळा संपता संपता खोकला लागला. शेतकरी माणूस, खोकल्याला कोण विचारतो! एका डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, दुसऱ्यांनी सुई टोचली, तिसऱ्यांनी सलाईन लावली. सलाईन लावली की दोन दिवस बरं वाटायचं. मग अंगावरचा सदरा ढिला होऊ लागला. घरात ठरलं, आता मोठाच डॉक्टर गाठायचा. ओळखीतून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका तज्ज्ञांचा नंबर मिळाला. तोही अठरा दिवसांनंतरचा. ते अठरा दिवस आम्ही नुसती वाट पाहिली. खर्चासाठी अम्मीनं दावणीची म्हैस विकली.

दीडशे किलोमीटरचा प्रवास करून गेलो. दिवेलागणीला आमचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “बेडका तपासला का?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते म्हणाले, “अहो, तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. औषधंही तिथंच मिळतील, तीही फुकट.” एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून त्या भल्या माणसानं आम्हाला परत पाठवलं. तपासणीत टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेऊन भाईजान खडखडीत बरे झाले. पण तोवर त्यांच्या कुशीत झोपणाऱ्या चार वर्षांच्या पोरीला तोच आजार जडला होता. तीही बरी झाली. मात्र मधले ते दिवस आठवले की आजही पोटात कालवतं. म्हैस गेली, ती पुन्हा घेता आली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या वर्षी कळला.

म्हणून आज थोडं या दारांविषयी सांगतो. सरकारी आरोग्यसेवेची रचना जिन्यासारखी आहे. पहिली पायरी उपकेंद्राची. सपाटीच्या भागात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक. पुष्कळ उपकेंद्रांच्या पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं लिहिलेलं दिसतं. तिथं लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, बीपी-शुगर पाहणं ही कामं चालतात. समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर ते ‘ई-संजीवनी’वरून दूरच्या डॉक्टरांशी बोलणंही करून देतात. दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची, साधारण तीस हजार लोकांमागे एक. तिथं एमबीबीएस डॉक्टर असतात, साध्या तपासण्या होतात, बाळंतपणं होतात. त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. बुलडाण्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे पडत नाहीत.

यातलं काय कुठं मिळतं, हे सांगणारं माणूस आपल्याच गल्लीत राहतं. तिला आपण आशाताई म्हणतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव आशा नेमल्या गेल्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका कुठं द्यायचा, टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे महिन्याचे हजार रुपये खात्यात कसे येतात, हे तिला ठाऊक असतं. तिला विचारायला नंबर लावावा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, केंद्रात कधी डॉक्टर नसतात, कधी औषध संपलेलं असतं, कधी कुणी धड बोलत नाही. खरं आहे. मीही रिकाम्या खुर्चीसमोर बसून आलोय. पण म्हणून ते दार सोडून द्यायचं नाही. वेळ विचारून ठेवावी, पुन्हा जावं, गाऱ्हाणं ग्रामसभेत मांडावं. गावानं पाठ फिरवली तर ते दार सुधारणार तरी कसं?

या केंद्राचा आणखी एक उपयोग आहे. खासगी डॉक्टर एका रुग्णाला पाहतो, केंद्राच्या रजिस्टरात सगळं गाव दिसतं. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड वगैरे गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. चार-पाच दिवसांत टक्कल पडू लागलं. कुणी शांपूला दोष दिला, कुणी पाण्याला. मग आरोग्य विभागाची पथकं घरोघरी गेली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने घेतले गेले. एकट्या-दुकट्यानं दूरच्या दवाखान्यात जाऊन हे झालं नसतं. गल्लीत चार घरांत एकच दुखणं दिसलं, तर आधी केंद्राला कळवावं.

जिन्याचा हा नियम एका ठिकाणी मात्र मोडायचाच. छातीत कळ येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, साप चावला, अपघात झाला, तर नंबर नाही आणि ओळख नाही. सरळ १०८ ला फोन करायचा. २०१४ पासून ही रुग्णवाहिका राज्यभर फुकट मिळते. लकवा मारल्यावर मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. मांत्रिकाच्या ओट्यावर घालवलेला तास परत मिळत नाही.

खासगी डॉक्टरांकडे जायचं असेल तर आधी फोन करावा. डॉक्टर त्या दिवशी आहेत का, फी किती, उपाशीपोटी यायचं का, एवढं विचारलं तरी एक फेरी वाचते. मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी अनेकांचा नंबर घरबसल्या संगणकावरूनही लावता येतो. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्यावीत. दुखणं केव्हा सुरू झालं, ते कागदावर लिहून न्यावं. आत गेल्यावर माणूस निम्मं विसरतो. आमच्या अम्मीसारख्या बाया पुरुष डॉक्टरांना दुखणं सांगतच नाहीत. अशा वेळी बाई डॉक्टर कधी असतात, ते आधीच विचारावं. शुगरच्या रुग्णानं रमजानचे रोजे किंवा नवरात्राचे उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावं, मधेच चक्कर आल्यावर नव्हे.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायला हवा. रुग्णालयात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते वाचायला संकोच करू नये. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. २०१३ साली रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो मुकाट्यानं खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. तेव्हा एखादी तपासणी कशासाठी, असं नम्रपणे विचारणं हा डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. आणि सलाईन हवीच, असा हट्ट आपणही धरू नये.

मोठं ऑपरेशन निघालं, तर भरती होण्यापूर्वीच एक चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि तो आजारही यादीत असावा लागतो. तिथं बसणारे आरोग्यमित्र हे सांगतात. घर विकायला काढण्यापूर्वी त्यांना भेटावं.

भाईजान आज सत्तरीला आलेत. गल्लीत कुणी आठ-पंधरा दिवस खोकताना दिसलं की ते त्याला धरून आरोग्य केंद्रात नेतात. तिथल्या सिस्टर हसून म्हणतात, “चाचा, आज कुणाला आणलंत?” औरंगाबादच्या डॉक्टरांची ती चिठ्ठी अजून आमच्या ट्रंकेत आहे. शाई उडाली आहे, पण त्यांचं सांगणं आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. लांबचा नंबर लावण्यापूर्वी जवळचं दार एकदा वाजवून पाहावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)