आठ आठवड्यांत मेंदू बदलतो?

इगतपुरीला दहा दिवस मौनात बसून आलेलं एखादं माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतंच. अमेरिकेत त्याच झाडाच्या फांदीला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. १९७९ मध्ये वूस्टरच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमध्ये जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी हे वर्ग सुरू केले. विपश्यना आणि झेनमधून घेतलेलं, पण धर्माचं नाव न घेता शिकवलेलं.

२०११ मध्ये बॉस्टनच्या मास जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी आठ आठवड्यांचा हा कोर्स केलेल्या सोळा जणांचे एमआरआय तपासले. रोज सरासरी २७ मिनिटं सराव. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातलं करडं द्रव्य वाढलेलं दिसलं. झालं! ‘ध्यानाने मेंदू बदलतो’ हे फॅमिली ग्रुपवर आजही फिरतंय. माणसं मात्र सोळाच होती, हे कुणी पुढे पाठवत नाही.

२०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर हेच नीट तपासलं. मेंदूच्या रचनेत कोर्समुळे फरक आढळला नाही. डेव्हिडसन स्वतः जुने साधक, त्यामुळे मला तरी हा निकाल जास्त वजनदार वाटतो.

मग सगळं फोल? तसंही नाही. मन भरकटतं तेव्हा मेंदूतलं जे जाळं जागं असतं, ते मुरलेल्या साधकांमध्ये शांत दिसतं, असं येलच्या अभ्यासात आढळलं होतं. आणि २०२२ मध्येच जॉर्जटाउनच्या डॉक्टरांनी चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी काहींना हा कोर्स दिला, काहींना एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी. आठ आठवड्यांनी दोन्हीकडे आराम जवळपास सारखाच. पण कोर्स म्हणजे आठवड्याला वर्ग आणि घरी रोज ४५ मिनिटं बैठक, फोनवरचं पाच मिनिटांचं ॲप नव्हे.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच. इथे शिकायला आलेला ओळखीतला एक मुलगा अशाच गोळ्या घेतो. पुण्याहून आईचा फोन : “अरे, त्या गोळ्या सोड बघू. मी पाठवलेला ध्यानाचा व्हिडिओ लाव रोज.” त्याने सोडल्या, कुणाला न विचारता. चार दिवसांत चक्कर, झोप नाही, जीव घाबरा. या गोळ्या एकदम थांबवल्या की असं होऊ शकतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. आता त्याच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. कोर्सलाही त्याने नाव घातलंय, डॉक्टरांना सांगून. आईला अजून बोललेला नाही.