डोंगर चढणारा बहर
जपानातील योशिनो डोंगरावर आम्ही एप्रिलच्या मध्यास गेलो. पायथ्याशी चेरीच्या पाकळ्यांचा सडा, मध्यावर झाडे ऐन बहरात (या रानचेरीला फुलांबरोबरच तांबूस पालवीही फुटते), आणि दमछाक करीत माथा गाठावा तर मिटलेल्या कळ्या! असे का?

दर १०० मीटर चढल्यावर हवा सुमारे ०.६ अंश सेल्सिअसने थंड होते. येथील चढ चारेकशे मीटरचा. म्हणजे फरक जवळजवळ अडीच अंशांचा. म्हणून बहर सावकाश वर सरकतो.

पण केवळ ऊब पुरत नाही, हे वर्गात सांगायचे राहून जाते. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि सुप्त राहतात. पुरेशी थंडी मिळाल्याखेरीज त्या नीट जाग्या होत नाहीत. हिवाळा फारच सौम्य गेला, तर फुले लवकर येण्याऐवजी लांबूही शकतात.