चिनी शिकताना – लेखांक ७ : तारीख, वार, वेळ

मागच्या लेखांकातले एक ते दहा आकडे पाठ असतील, तर आजचं निम्म्याहून जास्त काम झालेलंच आहे. चिनी भाषेत महिन्यांना आणि वारांना वेगळी नावं नाहीत. महिना म्हणजे ‘युए’. जानेवारी ‘ई-युए’, फेब्रुवारी ‘अर्-युए’, डिसेंबर ‘श-अर्-युए’. आठवडा म्हणजे ‘शिंगछी’; सोमवार ‘शिंगछी-ई’, शनिवार ‘शिंगछी-ल्यू’. रविवार तेवढा आकड्याविना, ‘शिंगछी-थ्यॅन’. आपल्यासारखी ग्रहांवरची वारांची नावं आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध पंडिताच्या लेखनातून चीनमध्ये पोचली होती. जपानी भाषेत ती आजही रोज वापरतात, चीनमध्ये व्यवहारात रुजली नाहीत. ‘शिंग’ म्हणजे तारा, एवढी खूण मात्र राहिली.

तारीख सांगताना चिनी माणूस मोठ्याकडून लहानाकडे येतो : वर्ष, महिना, दिवस, वार, मग वेळ. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये वारले, त्या दिवशी बुधवार होता. हे चिनीत असं म्हणायचं : ‘ई-च्यू-स-अर् न्यॅन, श-अर् युए, च्यू हाव, शिंगछी-सान’. वर्षाचा एकेक आकडा सुटा वाचतात, त्यामुळे ‘बेचाळीस’सारखं काही वेगळं घोकावं लागत नाही. दिवसासाठी बोलताना ‘हाव’, लिहिताना बहुधा ‘र’.

इथे कान तयार हवा. चार म्हणजे ‘स’, दहा म्हणजे ‘श’. दोन्हींचे सूर वेगळे आहेत, पण दक्षिण चीनमध्ये पुष्कळजण ‘श’चा उच्चार ‘स’सारखाच करतात, आणि मग एप्रिल की ऑक्टोबर, असा प्रश्न पडतो. अशा वेळी समोरचा माणूस दोन तर्जन्या एकमेकींवर आडव्या धरतो. ती दहाची खूण. बिनदिक्कत विचारा, चिनी माणसंही एकमेकांना विचारतात.

उच्चारात मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. रोमन लिपीत ‘डी’ आणि ‘टी’ दिसले, तरी खरा फरक आपल्या त आणि थ यांचा आहे. वाजले या अर्थाचा शब्द ‘त्यॅन’, दिवस ‘थ्यॅन’. काल म्हणजे ‘च्वोथ्यॅन’, त्यातला च चमचातला. आज ‘चिनथ्यॅन’, त्यातला च चहातला. उद्या ‘मिंगथ्यॅन’.

खरी मेहनत आहे ती परवाशी. आपण झालेल्याला आणि येणाऱ्याला एकच शब्द वापरतो, क्रियापदावरून अर्थ कळतो. चिनीत दोन शब्द आहेत : ‘छ्यॅनथ्यॅन’ आणि ‘होउथ्यॅन’. ‘छ्यॅन’ म्हणजे पुढे, ‘होउ’ म्हणजे मागे. आणि होऊन गेलेला परवा आहे ‘छ्यॅनथ्यॅन’! आपला मागचा-पुढचा इथे उलटा होतो. रांगेत पुढे असतो त्याचा नंबर आधी लागतो, एवढं ध्यानात ठेवलं की घोटाळा होत नाही. आठवडा आणि महिना यांना आणखी वेगळी दिशा आहे, वर आणि खाली. गेला महिना ‘शांग क युए’, म्हणजे वरचा. येणारा ‘श्या क युए’, खालचा. माझ्या मते हे शब्द मराठी अर्थ मनात न आणता थेट पाठ करावेत. नाहीतर भेट ठरवताना पंधरा दिवसांची गल्लत व्हायची.

मधल्या ‘क’कडेही लक्ष द्या. ‘सान युए’ म्हणजे मार्च, ‘सान क युए’ म्हणजे तीन महिने.

घड्याळ सोपं आहे. साडेतीन ‘सान त्यॅन पान’, सव्वातीन ‘सान त्यॅन ई ख’. ‘ख’ म्हणजे जुन्या जलघड्याळाच्या पट्टीवरची खाच. पूर्वी दिवसाचे असे शंभर भाग असत. सतराव्या शतकात छिंग राजवटीने ते ९६ केले, म्हणून आजचा ‘ख’ बरोबर पंधरा मिनिटांचा. पावणेचारला ‘छा ई ख स त्यॅन’, चाराला पाव कमी. दोन वाजले हे मात्र ‘अर् त्यॅन’ नाही, ‘ल्यांग त्यॅन’. सकाळचे असतील तर आधी ‘शांगवू’, दुपारनंतरचे असतील तर ‘श्यावू’. ‘वू’ हा जुन्या बारा प्रहरांतला अकरा ते एकचा प्रहर, त्याच्या वरचा तो सकाळचा वेळ आणि खालचा तो दुपारनंतरचा. सगळ्या देशाला पेइचिंगचीच वेळ लागू आहे. पार पश्चिमेला शिंच्यांगमध्ये मात्र बरेच लोक दोन तास मागची स्थानिक वेळही पाळतात. तिथे भेट ठरवताना कुठली वेळ, तेही विचारून घ्या.

सरावासाठी घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा वर्षापासून सुरू करून मोठ्याने म्हणा. पुढच्या आठवड्यात चिनी चांद्र पंचांग आणि त्यातला अधिक महिना.