घोंगडी : लोकर, वस्त्र आणि शब्द

नीरा व भीमा या नद्यांमधील बारामती-इंदापूरचा मुलूख हा पर्जन्यछायेचा प्रदेश. कालव्याचे पाणी येण्यापूर्वी त्याचे खरे धन म्हणजे माळरान व त्यावर चरणारी दख्खनी मेंढी. दिवाळीच्या सुमारास येथील हटकर धनगरांचे वाडे पश्चिमेस भोर, मुळशी, कोकणाकडे निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. वाटेत शेतात मेंढ्या बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घेण्याचा प्रघात होता.

या मेंढीची लोकर आखूड, राठ व बहुधा काळी असते. मेरिनोचा तंतू सुमारे २० मायक्रॉन जाडीचा. दख्खनी तंतू त्याहून पुष्कळ जाड असून त्यातील अनेक केसांच्या गाभ्यात पोकळी आढळते. अंगावर घालण्याच्या तलम कापडास हा दोषच ठरतो; परंतु पाऊस, थंडी व खडकाळ जमीन यांच्याशी गाठ असणाऱ्या मेंढपाळास ताठ, जाड कापडच हवे असते. कोकराची पहिली लोकर मात्र मऊ असते. तिला ‘जावळ’ म्हणतात. मुलाच्या जन्मजात केसांचाही हाच शब्द आहे, यातले साधर्म्य उघड आहे.

कातरलेली लोकर निवडून पिंजली जाते व तिचे सूत कातले जाते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. पीळ पडताच ते परस्परांत अडकतात, म्हणूनच आखूड तंतूपासूनही अखंड धागा निघू शकतो. ताण्यास चिंचोक्यांची खळ लावतात. एरवी तंतूंची लव मागावर गुंतून धागा तुटण्याचा संभव असतो. त्यानंतर खड्ड्याच्या मागावर धोट्याने आडवा धागा भरला जातो.

विणकामाची ही परिभाषा अभ्यसनीय आहे. ‘ताणा’ हा शब्द ‘तन्’ या संस्कृत धातूकडे, ‘कातर’ हा ‘कर्तरी’कडे, तर ‘कांबळे’ हा ‘कम्बल’कडे जातो. ‘घोंगडी’चे मात्र तसे नाही. तेलुगूत याच वस्त्रास ‘गोंगडि’ म्हणतात. मेंढ्यांचा प्रदेश भाषेच्या सीमा मानीत नाही, आणि शब्दही मानीत नाही. वस्त्रांची नावे पंडितांच्या कोशांपेक्षा कळपांच्या वाटांनी अधिक प्रवास करतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. विणणाऱ्यांत सणगर आहेत, तसेच खुटेकर धनगरही. ‘खुटेकर’ हे नाव विणकामातील खुंटीवरून आले, अशी व्युत्पत्ती दिली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा झाला, पुढे १९८०च्या सुमारास उजनी धरणाचा जलाशय इंदापूरपर्यंत पसरला. उसाने माळ व्यापला. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट स्वस्त झाले. आज मेंढी प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते, आणि पुष्कळदा लोकरीच्या किमतीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. बारामतीच्या टेक्सटाईल पार्कमध्ये तयार कपडे शिवले जातात. तेथील बोलीत कॉलर, कफ, स्टिच हे शब्द आहेत. पिंजणे, खळ, धोटा यांना तेथे काम नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा केवळ धंद्याचा ऱ्हास नव्हे. क्रिया थांबली म्हणजे तिची क्रियापदे प्रथम जातात, नामे काही काळ टिकतात, आणि जातीची व कुळांची नावे सर्वांत शेवटपर्यंत उरतात. माग मोडून गेलेल्या घरांतही ‘खुटेकर’ हे नाव चालू आहे, आणि शासनाच्या सूचीत धनगरांच्या पोटभेदांमध्ये ते आजही छापले जाते.