दिवाडी की आंबोली? शहर सोडून राहायला जाताय, तर आधी फेरी, घाट आणि सातबारा बघा

सावंतवाडी : मुंबईतली खोली विकली, पीएफचे पैसे हातात आले, आता उरलेले दिवस कुठेतरी शांत काढायचे, असा विचार करणारे चाकरमानी आपल्या भागात घरटी एक तरी सापडतील. त्यांच्यासोबत आता दुसराही एक वर्ग दिसू लागला आहे. पुणे, मुंबई, बंगळूर इथली तरुण जोडपी. त्यांचं कोकणात गाव नाही, नातेवाईक नाहीत. पण नोकरी लॅपटॉपवर होते, त्यामुळे थोडी भाजी पिकवू, जुनं मातीचं घर घेऊ, कमी पैशात जगू, असा त्यांचा बेत असतो. त्यांना विचारलं की कुठे जाणार, तर उत्तरात दोनच चित्रं असतात. एक तर पाण्याने वेढलेलं बेट, नाही तर धुक्यातला डोंगर.

आपल्या पट्ट्यात ही दोन्ही चित्रं हाकेच्या अंतरावर आहेत. बेट म्हणजे गोव्यातलं मांडवी नदीतलं दिवाडी आणि डोंगर म्हणजे आंबोली. मोबाईलवरच्या रील्समध्ये दोन्ही छान दिसतात. पण रील अर्ध्या मिनिटाची असते आणि आषाढ महिन्याभराचा. म्हणून दोन्हीकडे राहायचं म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतलेलं बरं. हे जाणाऱ्यांनी जसं वाचावं, तसं त्यांना जमीन दाखवणाऱ्या आपल्या लोकांनीही वाचावं.

फेरी चुकली तर

दिवाडी तिसवाडी तालुक्यात येतं. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोलीच्या बाजूला नार्वे इथून फेरीबोट आहे. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. नदी ओलांडायला लागतात काही मिनिटं, पण त्या काही मिनिटांभोवती सगळा दिवस बांधलेला असतो. मुलांची शाळा, बाजार, कामावर जाणं, रात्रीचं लग्नकार्य, सगळं फेरीच्या वेळेवर चालतं. गंमत अशी की कोकण रेल्वे याच बेटावरून जाते. थिवी सोडल्यावर करमळी येण्याआधी गाडी मांडवी ओलांडते, तेव्हा खिडकीतून जी भातशेती आणि खारफुटी दिसते ती दिवाडीची. गाडी बेटावरून जाते, पण बेटावर स्टेशन नाही.

हे गैरसोयीचं वाटतं खरं. पण बेट अजून बेटासारखं राहिलं त्याचं मोठं कारण हीच फेरी आहे. पणजी इतकी जवळ असूनही किनाऱ्यावरच्या गावांसारखी हॉटेलांची रांग इथे लागली नाही. ज्याला शांतता हवी त्याने फेरीची वाट पाहण्याची किंमत मोजायची, हा सौदा उघड आहे.

आंबोलीला पाणी आडवं येत नाही, घाट येतो. सावंतवाडीहून सुमारे ३० किलोमीटर. रस्ता चांगला असला तरी पावसाळ्यात दरड कधी खाली येईल याचा नेम नसतो. दरड आली की वाहतूक काही तास, कधी त्याहून जास्त वेळ थांबते. शनिवार-रविवारी तर धबधब्याजवळच्या गाड्याच दरडीचं काम करतात! तिथल्या माणसाला आजारी माणूस खाली न्यायचा असेल आणि रविवारची दुपार असेल, तर त्याची काय अवस्था होते ते त्यालाच विचारावं.

आजारपणाचा हिशेब शहरातले लोक सगळ्यात शेवटी करतात. तो सगळ्यात आधी करायला हवा. मोठं दुखणं असलं की सिंधुदुर्गातली बरीच माणसं शेवटी गोव्याला, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात. आंबोलीहून आधी घाट उतरायचा, मग सावंतवाडी, तिथून पुढे आणखी ६०-६५ किलोमीटर. वरच्या बाजूने बेळगाव हा दुसरा रस्ता. दिवाडीहून बांबोळी त्या मानाने उंबऱ्यावर आहे, फक्त मध्ये नदी आहे आणि रात्री फेऱ्या दिवसासारख्या नसतात. साठीच्या पुढच्या जोडप्याने, त्यातही हृदयाचं किंवा डायलिसिसचं काही असेल, तर या एका मुद्द्यावर निर्णय घेतला तरी चालेल. तब्येत धड नसेल, तर आंबोली पर्यटनाला चांगली.

पाऊस आणि पाणी

आंबोलीत वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिचं नाव असतं. याचा घरातला अर्थ असा : जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना, चपलांना, लाकडाला बुरशी येते, धुकं घरात शिरतं, दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. ज्याने सगळी वीज सोलरवर घ्यायचं ठरवलंय त्याने हे लक्षात ठेवावं. ज्या महिन्यांत लाईट वारंवार जाते, त्याच महिन्यांत पॅनलवर ऊन नसतं. लॅपटॉपवर पोट असलेल्याला हे परवडत नाही.

एवढा पाऊस म्हणजे पाणी भरपूर, असं मात्र समजू नये. जांभ्याच्या सड्यावरून पाणी पडतं तसं वाहून जातं. हिरण्यकेशी इथेच उगम पावते आणि पूर्वेला निघून जाते. त्यामुळे कोकणात सगळीकडे होतं तेच इथेही होऊ शकतं : श्रावणात पूर आणि वैशाखात विहिरीत डोकावून बघावं लागतं. घर बघायला जाणारे ऑक्टोबरमध्ये जातात, तेव्हा सगळे ओहोळ वाहत असतात. विहीर बघायची ती मे महिन्यात.

नाचणी, भात, परसातली भाजी होते. पण गवे आहेत, रानडुक्कर आहेत. कुंपणाचा खर्च बियाण्याच्या खर्चापेक्षा जास्त होतो, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं तर तो पहिल्या वाक्यात सांगेल.

दिवाडीची गोष्ट वेगळी. तिथला शत्रू खारं पाणी. बेटावरची बरीच शेती खाजन जमिनीत आहे. आपल्याकडच्या खारभूमीसारखीच ती भरतीच्या पातळीच्या खाली असते. मातीच्या बांधाने नदीचं खारं पाणी अडवलेलं असतं आणि बांधात 'मानस' नावाची लाकडी दारं असतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला दार बंद. या जमिनीत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात पिढ्यानपिढ्या पिकत आलं आहे. ही व्यवस्था हुशारीची आहे, पण ती एकट्याने चालत नाही. बांध एका ठिकाणी फुटला की पाणी कुणाच्या शेतात शिरायचं ते विचारून शिरत नाही. एकदा खारं पाणी आत बसलं की पुढचे काही हंगाम जमीन हातची जाते. म्हणजे 'मी माझ्यापुरता जगेन' म्हणून बेटावर गेलेल्या माणसालाही शेजारी बांध राखतात की नाही यावरच जगावं लागतं. शेती करणारी माणसं कमी झाली, की बांधाकडे बघणारेही कमी होतात. पडीक शेत दाखवून कुणी 'स्वस्तात मिळतंय' म्हणालं, तर ते पडीक का पडलं हे आधी विचारा.

खरी मेख जमिनीची

आता मुख्य गोष्ट. बेट की डोंगर हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत निसर्गावर सुटतच नाही, कागदावर सुटतो. आणि योगायोग असा की दोन्हीकडची जुनी पद्धत एकमेकांसारखी आहे. दोन्हीकडे जमीन मुळात गावाची होती.

आंबोली, चौकुळ आणि गेळे ही तीन गावं कबुलायतदार गावकर पद्धतीची. संस्थानच्या काळात गावकऱ्यांनी मिळून सारा भरण्याची कबुलायत द्यायची आणि जमीन सगळ्यांच्या सामाईक वहिवाटीत ठेवायची, अशी ही रीत. पुढे सातबारावर महाराष्ट्र शासनाचं नाव लागलं आणि कसणारे गावकरी आपल्याच जमिनीत परके झाले. वाटपाचा हा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. आता विचार करा : ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्याचं नाव लागताना एवढा काळ गेला, ती बाहेरचा माणूस एका साठेखतावर आणि कुलमुखत्यारपत्रावर 'घेतली' म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात नक्की काय आलं? पैसे गेले आणि कागद आला, एवढंच.

खासगी नावाची जमीन असली तरी अटी आहेतच. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुंबईत जन्मलेल्या चाकरमान्याचं नाव गावच्या सातबारावर असेल तर त्याची अडचण नाही. पुण्याच्या आयटीवाल्याकडे सातबारा नसेल तर तो इथेच अडतो. मग 'बिनशेती प्लॉट' म्हणून जाहिराती येतात. त्यातला बिनशेतीचा आदेश प्रत्यक्ष हातात घेऊन वाचावा. तो 'होणार आहे' हे उत्तर म्हणजे नाही. आणि वनसंज्ञा, खासगी वन असा शेरा इतर हक्कात आहे का, ते तलाठ्याकडे आणि वनखात्याकडे, दोन्हीकडे विचारावं.

गोव्यात या सामाईक जमिनीला कोमुनिदाद म्हणतात. गावकऱ्यांची ही संस्था पोर्तुगीज येण्याआधीपासूनची. गावकऱ्यांच्या वंशजांना तिच्या उत्पन्नात वाटा मिळतो, त्याला 'झोन' म्हणतात. कोमुनिदादची जमीन कुणा एका गावकऱ्याला परस्पर विकता येत नाही. त्यात कूळ आणि मुंडकार यांचे हक्क वेगळे असतात. घर एकाचं, भाट दुसऱ्याचं, असं जागोजागी असतं. शिवाय २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आले आहेत. भरतीचं पाणी पोचतं त्या नदीकाठाला सीआरझेडचे नियम लागतात, आणि खाजनात बांधकाम ही गोष्ट डोक्यातून काढूनच टाकावी.

मग उरतं ते पियेदादसारख्या वरच्या भागातलं जुनं घर. कौलारू, मोठी ओसरी, बघताक्षणी प्रेमात पडावं असं. इथे मेख अशी की गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते. त्यामुळे विकणाऱ्या प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही लागते. आजोबांच्या नावावरचं घर असेल तर वारस मुंबईत, आखातात, पोर्तुगालात पसरलेले असतात. एक जरी सहीला आला नाही तर व्यवहार लटकतो. तिथे सातबाऱ्याच्या जागी एक-चौदाचा उतारा असतो. तो, सर्व्हे प्लॅन आणि जमिनीचा झोन बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

दिवाडीत ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां नावाचा उत्सव होतो. रंगीत झेंडे, मिरवणूक, पर्यटकांची गर्दी. त्याचं मूळ वाड्यांमधल्या हद्दीच्या भांडणात सांगतात. हद्द दाखवायला झेंडे रोवायचे आणि समोरच्यांनी ते पाडायचे. हद्दीचं भांडण ज्या गावात सणापर्यंत पोचलं, तिथे मोजणी न करता जमीन घेणं म्हणजे धाडसच.

विकणाऱ्यांनीही थांबावं

आपल्या गावात असा ग्राहक आला की एजंट त्याच दिवशी टोकन घ्यायला सांगतो. सामाईक सातबारावर भाऊ-बहिणी असतील तर एकट्याने केलेली कबुली पुढे कोर्टात उभी करते. बहिणींचा हिस्सा कायद्याने आहेच, 'ती काही मागणार नाही' यावर व्यवहार टिकत नाही. पायवाट आणि पाणंद कुठून जाते, विहिरीचं पाणी कोण भरतं, देवस्थानाची जागा कुठवर आहे, हे खरेदीखतात लिहून घेतलं नाही, तर नवा मालक तार घालतो आणि वाडीची वाट बंद होते.

याहून सोपा रस्ता आहे, तो म्हणजे भाड्याने देणं. बंद पडलेलं घर अकरा महिन्यांच्या करारावर द्यायचं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात नोंदवायची. जमीन आपलीच राहते, घरात दिवा लागतो आणि पाहुण्यालाही कळतं की आपल्याला हे झेपतंय की नाही. येणाऱ्यालाही हेच सोयीचं. आंबोलीत राहून बघायचं तर जुलै-ऑगस्टमध्ये, दिवाळीत नव्हे. दिवाडीत बघायचं तर एक पावसाळा आणि एक मे महिना, दोन्ही. मोबाईलचं नेटवर्क गावात कसं आहे ते न विचारता ज्या खोलीत बसून काम करणार त्याच खोलीत तपासायचं, तेही पावसात. घराच्या भाड्यापेक्षा गाडीचं पेट्रोल आणि दुरुस्ती जास्त होते का, हे दोन महिन्यांत कळतं.

हातपाय धड असलेल्या, शेतीचा अनुभव असलेल्या आणि महाराष्ट्रात सातबारावर नाव असलेल्या माणसाला आंबोलीच्या आसपासच्या गावांत जागा शोधणं जास्त शक्य आहे. कायम जमीन घ्यायचीच नाही, पणजीत काम आहे किंवा हॉस्पिटल जवळ हवं, अशांना दिवाडीतलं भाड्याचं घर बरं. ज्यांना दोन्हीतलं काहीच जुळत नाही, त्यांच्यासाठी सावंतवाडी तालुक्यातच घाटाच्या पायथ्याची कितीतरी गावं आहेत. तिथे फेरी नाही, धुकं नाही आणि रीलही कुणी काढत नाही. पण एसटी येते, आणि बंद घरांच्या चाव्या शेजाऱ्याकडेच असतात.